नमुन्याची घंटा

तांबं चार भाग, कथील एक भाग. शिसं अजिबात नाही. शिसं पडलं की घंटा मरते. दिसायला तशीच दिसते, हाताला थोडी जड लागते, पण टोला दिला की लाकडावर मूठ मारल्यासारखी वाजते.

*

मनकर्णाबाईच्या कोंबड्यांनी त्या वर्षी बिनकवचाची अंडी घातली. पातळ कातड्याच्या पिशव्या. तळहातावर घेतली की आतलं पिवळं हललेलं दिसायचं.

*

लतीफा रोज सकाळी पोरीला मांडीवर आडवं घेऊन तिच्या डोळ्यांत सुरमा घाली. पोरगी डोळे घट्ट मिटून घेई. मग लतीफा म्हणे, "वर पाह्य, कावळा आला." पोरगी वर पाही आणि तेवढ्यात सलाई फिरून जाई.

*

भरलेल्या गाडीचं चाक रिकाम्या गाडीपेक्षा वेगळं करकरतं. जाणता माणूस डोळे मिटून सांगतो, गाडीत कापूस आहे की दगड.

*

पोळ्याला आसेगावात अठ्ठावन्न बैलजोड्या तोरणाखाली येत.

*

रिठदला जायला आसेगावाहून बैलगाडीनं दोन दिवस लागतात. त्या वाटेनं खाणीची गाडी कधीच जात नाही.

*

मेहबूब घंटा ओतायचा. आसेगावात सडकेला लागून त्याचं घर होतं. पुढच्या पडवीत भट्टी, मागं अंगण, अंगणात बोर. बैलाच्या गळ्यातली घंटा, घुंगरमाळ, गाडीला बांधायची मोठी घंटा, सगळं तो करायचा. त्याचा बाप हेच करायचा आणि बापाचा बापही. पोहरादेवीच्या तांड्यांपासून मंगरूळपीरच्या बाजारापर्यंत बैलाच्या गळ्यात जे काही वाजे, ते बहुतेक याच पडवीतून गेलेलं असे.

पडवीच्या आढ्याला चामड्याच्या वादीनं एक घंटा टांगलेली होती. मुठीएवढी, काळपट, कडेला झिजलेली. ती नमुन्याची घंटा, आज्यानं ओतलेली. नवी घंटा थंड झाली की मेहबूब आधी नमुन्याला टोला द्यायचा, मग नवीला. दोन्ही आवाज मिसळून एक झाले तर घंटा पास. नाही झाले तर फोडायची आणि पुन्हा वितळवायची. कानाला पटली नाही ती घंटा त्यानं कधी कुणाला दिली नाही, आणि याचा त्याला थोडा ताठाही होता.

जर्मनच्या लढाईचं ते तिसरं वर्ष. लढाईला गोळ्या लागत होत्या, गोळ्यांना शिसं, आणि पोहरादेवीच्या पलीकडच्या टेकडीत शिशाचा दगड निघाला होता. कुण्या कंपनीनं टेकडी खोदायला घेतली. ज्यांचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे ते तांड्यातले लमाण आता गाड्यांतून दगड वाहू लागले. टेकडीवरून आसेगाव, आसेगावाहून मंगरूळ, मंगरुळाहून कारंजाचं स्टेशन, तिथून छोट्या रेल्वेनं पुढं कुठंतरी. दिवसाला तीस-चाळीस गाड्या. पोती विरलेली. त्यांतून राखाडी भुकटी गळायची, वाऱ्यानं कुडावर, गवतावर, वाळत घातलेल्या मिरच्यांवर बसायची. अधूनमधून दगडही पडायचे. जड, चौकोनी कंगोऱ्यांचे, फोडले की आतून आरशासारखे. भर दुपारी सडक चमकायची. गावातली पोरं ते दगड गोळा करून खेळायची.

मेहबूबनं घरात ताकीद दिली होती. तो दगड भट्टीजवळ आणायचा नाही. आत येताना पाय झटकायचे. साच्याची माती तो आता नाल्यावरची घेत नसे. दोन कोस लांबून आणायचा आणि वस्त्रगाळ करायचा. शिशाचा एक कणही त्याला आपल्या घंटेत नको होता.

*

ज्येष्ठात सेवालाल आला. तो तांड्यातला गाडीवान, मेहबूबचं जुनं गिऱ्हाईक. हातात घंटा घेऊन तो पडवीच्या पायरीवर बसला.

"मेहबूबभाई, तुमची घंटी मेली."

"मेली? काय झालं होतं तिले, ताप?"

"हासू नका. माह्या चारी गाड्याईच्या मेल्या."

मेहबूबनं घंटा घेतली, कान लावला, बोटाच्या पेरानं टोला दिला. स्वच्छ, लांब आवाज आला. नमुन्याला टोला दिला. दोन्ही एक झाले.

"हे पाह्य. जित्ती हाय."

"इथं जित्ती हाय. पुलाच्या तिकडं नेली का मरते."

"मंग पुलाले दाखव वैदाले. मले काहून दाखवतं?"

सेवालाल हसला नाही. तो एरवी मेहबूबच्या दाढीवर दोन विनोद केल्याशिवाय उठत नसे. आज त्यानं नुसता जबडा हलवला, आणि मेहबूबला दिसलं, त्याच्या हिरड्यांच्या कडेनं निळसर काळी रेघ होती, कुणी काडीनं ओढावी तशी. उजवा हात मनगटातून खाली लोंबत होता.

"हाताले काय झालं?"

"काय मालूम. पोते उचलता उचलता ढिल्ला पडला. तांड्यात पाच-सहा जणाईचा असाच हाय." मग जरा थांबून, सडकेकडं बघत म्हणाला, "लेकरं बी चूप झाले तांड्यातले. पडलं तरी रडत नाई, हाक मारली तर पाहात नाई. बायको म्हणे, बरं झालं, काम करू देतेत. आता तेही म्हणत नाई."

त्यानं घंटा नेली नाही. तिथंच पायरीवर ठेवून गेला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहबूबनं आढ्याची वादी सोडली.

"नमुन्याची घंटी घराभाईर कायले नेता?" त्याच्या बायकोनं, लतीफानं विचारलं.

"पाह्यतो जरा."

त्यांची पोरगी हुस्नाबानो उंबऱ्यावर बसली होती. साडेचार वर्षांची, दिवसभर 'काहून' विचारणारी. पाऊस काहून पडते, गाढवाले शिंगं काहून नाई, अब्बाची दाढी काहून टोचते. तिच्या पायांत घुंगरू होते, मेहबूबनं स्वतः ओतलेले, एकेका पायात सात. ती कुठं आहे हे घरात कुणाला बघावं लागत नसे, ऐकूच यायचं.

"अब्बा, घंटी फिरायले चालली का?"

"हो. पाय मोकळे करते."

"तिले पाय कुठं हायेत?"

"म्हणून तं मी नेऊन राह्यलो."

तो सडकेनं निघाला, पुलाच्या दिशेनं. पन्नास पावलं गेला की थांबून टोला द्यायचा. मनकर्णाबाईच्या घरासमोर घंटा वाजली. निंबाखाली वाजली. मारोतरावांच्या विहिरीपाशी वाजली. तिथं कंपनीच्या दगडाचा ढीग होता, बैल बदलायला गाड्या तिथं थांबत. विहिरीच्या पुढं आवाज थोडा आखूड झाला, जणू कुणी मागून बोट लावलं. तो नाल्यावरच्या पुलाच्या कठड्याशी आला. वाजली. दोन पावलं पुढं टाकली आणि टोला दिला.

बोटाला टोला लागला. घंटेची कड थरथरली, ती थरथर त्याच्या मनगटापर्यंत आली. कानात काही आलं नाही.

त्यानं पुन्हा मारली, लोखंडी सळईनं, जोरानं. काही नाही.

मग त्याच्या ध्यानात आलं की बराच वेळ त्याला दुसरंही काही ऐकू येत नाहीये. बाभळीवर साळुंक्यांचा थवा होता. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. समोरून तीन भरलेल्या गाड्या आल्या. चाकं फिरत होती, धुरळा उडत होता, बैल दात खात होते, आणि ते सगळं भिंतीवरच्या सावल्या सरकाव्यात तसं त्याच्या अंगावरून सरकत गेलं. पहिल्या बैलाच्या डोळ्यांत निळसर पडदा होता. गाडीवानानं मेहबूबकडं पाहून मान हलवली. सेवालालच होता तो.

मेहबूबनं स्वतःचं नाव घेतलं. ओठ हलले. छातीत धमधम झालं.

तो दोन पावलं मागं आला. साळुंक्यांचा कलकलाट एकदम कानावर पडला. घंटा वाजवली. वाजली.

तो विचारी माणूस होता. धावला नाही. घरी जाऊन चुन्याची डबी आणली आणि जिथं आवाज मरत होता तिथं, पुलाच्या दगडावर, आडवी रेघ ओढली. मग तिथून घरापर्यंत पावलं मोजली. चारशे बारा.

*

मारोतराव गावातले मोठे जमीनदार. विहिरीजवळची जागा त्यांनीच कंपनीला दिली होती, आणि साहेब आपल्या बाजेवर बसून गेला हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मेहबूबनं त्यांना रेघेची गोष्ट सांगितली तेव्हा ते सुपारी कातरत होते. अंगणात त्यांची म्हैस खुंट्याभोवती गोल फिरत होती, सारखी, एकाच दिशेनं, आणि दावं खुंट्याला गुंडाळून संपलं की तिथंच मान वाकडी करून उभी राहत होती.

"तुह्या कानात मळ झाला असंल," मारोतराव म्हणाले.

"पाटील, तुमी या ना संगं. पुलावर उभं राहून पाहा."

"मले कामं नाईत का? तू घंट्या ओत, गाडीवानाईनं गाड्या हाकलाव्या, मी शेती पाह्यतो. अन् पोळा आला, ध्यानात हाय ना? मांगच्या साली माह्या जोडीची घुंगरमाळ साऱ्या गावात गाजली. यंदा तिच्याहून सवाई पाह्यजे."

गडी म्हशीचं दावं उलट दिशेनं सोडवत होता. म्हैस पुन्हा फिरू लागली.

*

चुन्याच्या रेघा, ज्येष्ठापासून पोळ्यापर्यंत:

पूल.

मारोतरावांच्या विहिरीचा कट्टा. घरापासून दोनशे नव्वद पावलं. पोहरा टाकला की खाली पाणी फुटलेलं दिसायचं, ऐकू यायचं नाही. बायका हात आखडून रहाट सोडायच्या, कारण आवाजावरून अंदाज घ्यायची सवय मोडली होती.

निंब. दीडशे. झाडाखाली मधमाश्या मेलेल्या, ओंजळीनं उचलाव्यात एवढ्या.

मनकर्णाबाईचं दार. नव्वद.

मनकर्णाबाई म्हातारी होती, डोळ्यांनी अधू. सडक ओलांडायची तर ती कडेला उभी राहून ऐकायची. घंटा दूर असेल तर निघायची. श्रावणातल्या एका सकाळी, चांगल्या उजेडात, ती कडेला उभी राहिली, तिनं ऐकलं, आणि निघाली. गाडी तिच्यापासून चार हातांवर होती. गाडीवान नंतर शपथेवर म्हणाला की आपण ओरडलो. मेहबूबला वाटलं, खरंच ओरडला असेल. गाडीच्या घंटाही वाजतच असतील.

तिच्या कोंबड्या कुणी नेल्या नाहीत.

*

घरातला बदल बारीक होता, म्हणून मेहबूबला तो रेघेइतका स्पष्ट दिसला नाही.

हुस्नाबानो जेवेना. पोटाला हात लावून बसे. रंग उतरला. बोरीखाली एका जागी बसून माती चिवडत राही. पोळ्याच्या आठ दिवस आधी तिनं 'काहून' विचारणं थांबवलं, आणि ते थांबलंय हे घरात सगळ्यांना तिसऱ्या दिवशी कळलं, कारण एवढी शांतता कशाची ते आधी कुणाला उमगलं नाही.

"रिठदले नेऊ तिले," लतीफा म्हणाली. रिठद तिचं माहेर. "मायजवळ राहीन. तिकडं ह्या गाड्या नाईत."

"अजून रेघ इथवर आली नाई. साठ पावलं हायेत."

"तुमी रेघेकडं पाह्यता. पोरीकडं पाहा ना."

मेहबूबनं पोरीकडं पाहिलं. ती त्याच्या मांडीवर येऊन बसली होती. डोळे मोठे, काळेभोर, सुरम्यानं चमकणारे. त्यानं तिला हसवायला नव्या घंटेला टोला दिला. घंटा 'ठप' वाजली. त्यानं कपाळाला आठी घातली, घंटा उलटसुलट करून पाहिली. पोरीचा हात कडेला लागला असेल, असं तो म्हणाला. तिला खाली उतरवलं. ती अंगणात गेल्यावर पुन्हा टोला दिला. वाजली.

"पाह्यलं? हात लागला होता."

लतीफानं अंगणातल्या पोरीकडं पाहिलं.

"अठ्ठावन्न जोड्या हायेत," तो म्हणाला. "आज्याच्या वक्तापासून ह्या गावचा पोळा आपल्या घंट्याईनं वाजते. पोळा होऊ दे. दुसऱ्या दिवशी निघू. मी जबान देतो."

"अन् तवरोक?"

"तवरोक मी रोज पाह्यतो ना रेघ. पोरीपर्यंत पोचू देईन का मी?"

हे त्यानं मनापासून म्हटलं. तो रोज सकाळ-दुपार रेघ तपासत होता. पोरीला सडकेकडच्या दारातून बाहेर जाऊ देत नव्हता. तिनं मागच्या अंगणातच खेळावं, बोरीखाली, घरातल्यांच्या नजरेसमोर, अशी त्यानं व्यवस्था केली. पोळ्यापर्यंत त्यानं भट्टी विझू दिली नाही. अठ्ठावन्न जोड्या, एकशे सोळा घंटा, प्रत्येक घंटा नमुन्याशी मिळवून पाहिलेली. आयुष्यात इतकी चांगली घंटा त्यानं ओतली नव्हती.

*

पोळ्याला ऊन होतं. दुपार कलल्यावर गावाच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं गेलं. शिंगांना रंग, पाठीवर झुली, गळ्यात घंटा. आसेगाव त्या वेळी तरी आसेगावासारखंच वाजत होतं. एकशे सोळा घंटा. मेहबूब मैदानाच्या मागच्या कडेला, देवळाच्या ओट्याला टेकून उभा होता. कडेवर, खांद्यावर मान टाकून झोपलेली हुस्नाबानो. डोळे मिटून तो ऐकत होता आणि आपल्या हातची प्रत्येक घंटा त्यात वेगळी ओळखत होता.

मारोतरावांची जोडी मानाची, ती पुढं. एक बैल थोडा अडखळत चालत होता. झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकांची गाणी, म्हणणारे पुढं आले. तोरणाखाली उभं राहून एकानं शेजारच्या गावाची टिंगल करणारी झडती सुरू केली. लोक हसले.

मग हसणं पुढच्या रांगांत बंद झालं.

मेहबूबनं डोळे उघडले.

पुढच्या रांगांतले लोक हसतच होते. तोंडं उघडी, दात दिसत होते. झडती म्हणणारा हात वर करून तोंड फाडून म्हणत होता. त्याच्या मागं बैल मान हलवत होते आणि घंटा इकडून तिकडं झुलत होत्या.

पाऊस शेतातून पुढं सरकताना दिसतो, तसं ते सरकत आलं. एकेक रांग. ज्या रांगेवर यायचं त्या रांगेतली माणसं आधी हसत राहायची, मग स्वतःच्या घशाला हात लावायची. पोरं आयांकडं बघायची. एका बाईनं लेकराला उचलून कानाशी धरलं आणि ते रडतंय की नाही ते पाहण्यासाठी त्याच्या तोंडात पाहिलं.

मागं, ओट्यापाशी, अजून ऐकू येत होतं. स्वतःचा श्वास. कडेवरच्या पोरीच्या घुंगरांचा एक बारीक आवाज.

मग तोही नाही.

तोरण तुटलं. बैल सुटले. एकशे सोळा घंटा मेहबूबच्या समोरून घरोघरी गेल्या.

*

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते निघाले. तान्हा पोळा होता, गावातली पोरं लाकडी बैल घेऊन दारांत उभी होती. कुणी काही म्हणत नव्हतं. गाडीत पोरगी, लतीफा, दोन गाठोडी, लतीफाच्या कमरेला सुरमादाणी. मेहबूबनं नमुन्याची घंटा छातीशी, सदऱ्याच्या आत धरली होती.

नाल्याच्या वरच्या अंगाला सेवालाल उभा होता. त्याचे दोन्ही हात आता लोंबत होते. त्यानं मान हलवली आणि गाडीकडं, पोरीकडं, बराच वेळ पाहिलं. मग तोंड उघडून काहीतरी म्हणाला. मेहबूबला ते ऐकू आलं नाही, आणि थांबून विचारायचंही नव्हतं. पोरीला इथून बाहेर काढायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पश्चिमेची वाट धरल्यावर अर्ध्या कोसावर चाकाचा करकर आवाज परत आला. मेहबूबनं कासरा घट्ट धरला. लतीफा म्हणाली, "आयकलं का?" आणि रडली. हुस्नाबानो तिच्या मांडीवर झोपली होती.

पुढं वाटेत पोरगी झोपली असली की चाक करकरे, जागी झाली की थांबे. रस्ता मऊ असेल, असं मेहबूब म्हणाला.

*

रिठदच्या अंगणात सकाळी मेहबूब उठला तेव्हा कोंबडा आरवत होता. शेजारी रहाट कुरकुरत होता. कुणीतरी जातं ओढत होतं. तो उकिडवा बसून ऐकत राहिला. रिठदची माती काळी होती, नुसती काळी, तिच्यात काहीही चमकत नव्हतं.

त्यानं घंटा काढली. टोला दिला. वाजली. लांब, स्वच्छ. त्यानं तीनदा वाजवली.

आत झोपलेल्या नातीला उठवून, न्याहाळून मेहरबी, लतीफाची माय, ओसरीवर आली होती. तिचा आवाज अंगणापर्यंत येत होता. "सुकली पोरगी. पण डोळे पाह्य कसे चमकून राह्यले. जावईबापू, हा सुरमा मक्केचा हाय का?"

मेहबूब उत्तर द्यायला वळला. तेवढ्यात हुस्नाबानो धावत अंगणात आली.

धावत. कित्येक दिवसांनी. त्याला इतका आनंद झाला की आधी ते त्याच्या लक्षात आलं नाही.

तिच्या पायांत चौदा घुंगरू होते. ती अंगणभर धावत होती.

कोंबडा भिंतीवर होता. ती भिंतीजवळ गेली. कोंबड्यानं मान ताणली, चोच उघडली, मिटली.

ती लांब गेली. कोंबडा अर्ध्यातून आरवला.

मेहबूब उभा राहिला. घंटा वाजवत तो तिच्याकडं चालू लागला. एक पाऊल, वाजली. दुसरं, वाजली. चौथं, वाजली. पाचवं.

तो एक पाऊल मागं आला. वाजली.

पुढं गेला.

त्याचा हात खिशात चुन्याची डबी शोधत होता.

हुस्नाबानोनं त्याच्याकडं पाहिलं, हसली, आणि धावत आजीच्या कुशीत गेली. मेहरबी बोलत होती. वाक्याच्या मध्यावर तिचा आवाज गेला, आणि ती बोलतच राहिली.

लतीफा सुरमादाणी घेऊन ओसरीवर आली. पोरीला मांडीवर आडवं घेतलं. पोरीनं डोळे मिटले. लतीफाचे ओठ हलले, रोजचेच शब्द.

पोरीनं वर पाहिलं.

भिंतीवर खरंच कावळा येऊन बसला होता. तो चोच उघडून ओरडत होता.

*

सुरमा मेहबूबनंच वाटला होता. चैत्रात, सडकेवर सांडलेल्या चमकत्या दगडाचा, त्याची आजी वाटायची तसा, गुलाबपाणी घालून, आठ दिवस. तो दगड भट्टीजवळ नको म्हणून त्यानं मागच्या अंगणात, बोरीखाली बसून वाटला.